आठ सऱ्या राखून ठेवलेला ऊस

मेणवलीच्या घाटाकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी गळ्यात वॉकीटॉकी अडकवलेल्या एका मुलाने हात आडवा केला आणि मला हिंदीत सांगितले की गाव बंद आहे. घाटावर एका हिंदी मालिकेचे चित्रीकरण चालू होते, म्हणून घाट बंद आहे, असे त्याला म्हणायचे असावे. परंतु तो ‘गाँव बंद है, मॅडम’ असेच दोनदा म्हणाला. माझ्या शेजारी सायकलला दुधाच्या किटल्या लावलेला एक माणूस आणि धुण्याची बादली कमरेवर घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. ते दोघेही त्या बंद असलेल्या गावातच राहणारे होते, आणि तरीही त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या निम्म्यानेही संताप नव्हता. दूधवाला म्हणाला, “वाईच थांबा, ताई. शॉट हुंदे. कट म्हनला की सोडतोय त्यो.”

संतापण्याचा मला फारसा अधिकार नव्हता, हे आधीच कबूल करते. पुण्याहून पहाटे निघून, खंबाटकीच्या घाटात ट्रकांच्या रांगेमागे पाऊण तास घालवून मी आले होते, ते काही नाना फडणविसांचा वाडा पाहावा म्हणून नव्हे. २००४ साली ‘स्वदेस’ हा चित्रपट पाहिल्यापासून तो कृष्णेचा घाट मनात घर करून होता आणि वाईवरून महाबळेश्वरला जाताना दर वेळी ‘येताना थांबू’ असे म्हणून तो राहून जात होता. म्हणजे जे लोक मला अडवत होते, त्यांच्याच एका जुन्या भाईबंदाने मला तेथवर आणले होते. तब्बल चाळीस मिनिटांनी आत सोडले, तेव्हा घाटावरची ती पोर्तुगीज घंटा मी आधी पाहून घेतली. मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर आणलेली, मेरी आणि बाळ येशूची आकृती व १७०७ हे साल अंगावर वागवणारी ती पंचधातूची घंटा शंकराच्या देवळाजवळ इतक्या निवांतपणे टांगलेली आहे की, जणू ती तेथेच ओतली असावी. त्या दिवशी मात्र तिच्यावर एक करडे कापड टाकलेले होते, कारण ज्या गावाची गोष्ट चालली होती त्या गावात अशी घंटा असण्याचे कारण नव्हते.

ते गाव कोणते, हे पाट्यांवरून कळत होते. ‘ग्रामपंचायत कार्यालय’ या पाटीवर ‘ग्राम पंचायत भवन, जिला’ अशी सुरुवात असलेली पाटी चढवलेली होती आणि एका घराच्या भिंतीवर हिंदीत खताची जाहिरात रंगवलेली होती. उन्हातून जरा सावलीत टेकावे म्हणून एका जोत्याच्या दगडावर बसायला गेले, तर तो दगड लवला. प्लायवूडवर प्लास्टर चढवून आणि काळा रंग मारून त्याला असा हुबेहूब बनवला होता की, शेजारच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या खऱ्या चिऱ्याकडे मी संशयाने पाहू लागले. ज्याने तो केला त्याच्या हाताला मात्र दाद द्यायलाच हवी.

वाईचा हा परिसर गेली कित्येक वर्षे असाच दुसऱ्या मुलखांच्या नावाने उभा राहत आला आहे. ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) यांत तो बिहार झाला, ‘स्वदेस’ आणि ‘दबंग’ (२०१०) यांत उत्तर प्रदेश झाला आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये (२०१३) त्याने तमिळनाडूतले गावही होऊन दाखवले. कारणे उघड आहेत. मुंबईहून सामानाचे ट्रक एका रात्रीत येथे पोहोचतात. दगडी घाट, वाडे, देवळे, जुना बाजार आणि डोंगर हे सारे काही कोसांच्या आत मिळते. धोम धरणाचे पाणी असल्यामुळे इतर भाग करपून गेलेला असतानाही येथे हिरवे शेत सापडते. आणि मोठ्या कलावंतांना मुक्कामाला पाचगणी जवळ आहे. गंगेकाठच्या सपाट मैदानात काळ्या बेसाल्टचे चिरेबंदी घाट आणि मागे पांडवगडासारखा डोंगर कोठून आला, असा प्रश्न एखाद्या बिहारी प्रेक्षकाला पडत असेलच; पण त्याला विचारतो कोण?

मराठी चित्रपटाची रीत अशी नव्हती, असे मला तेथे उभे असताना राहून राहून वाटत होते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला तेव्हा शेतकरी शेतकऱ्यासारखाच दिसावा, हा त्यांचा हट्ट होता. अगदी अलीकडे ‘सैराट’मध्ये (२०१६) करमाळ्याकडची केळीची शेते, विहिरी आणि बोली आपल्याच अंगाने आली, आणि ‘लागिरं झालं जी’ या मालिकेने २०१७ पासून साताऱ्याची बोली घराघरांत पोहोचवली. तेथे त्या त्या मातीला आपल्याच नावाने उभे राहता आले. मेणवलीला दुसऱ्याचे नाव लावून उभे राहण्याचे पैसे मिळतात, आणि त्यात वाईट काय, असे गावकरी म्हणतील तर त्यांना उत्तर देणे मला जमणार नाही.

दुपारी ग्रामसभेचा प्रसंग होता. त्यासाठी गावातल्याच पंचवीस-तीस माणसांना वडाखाली बसवले होते आणि ड्रेसदादा एका पेटाऱ्यातून गमछे काढून प्रत्येकाच्या खांद्यावर टाकत चालला होता. दुसऱ्या रांगेत सत्तरीच्या पुढचे एक आजोबा बसले होते. त्यांच्या डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी होती. ड्रेसदादाने ती काढायची खूण केली. आजोबांनी ती काढली, दोन्ही हातांनी तिची नीट घडी घालून ती सपाट केली, सदऱ्याच्या आतल्या बंडीच्या खिशात ठेवली आणि वरून एकदा थोपटली. टोपीखालचे कपाळ बाकीच्या चेहऱ्यापेक्षा इतके गोरे होते की, मेकअपवाल्याला धावत येऊन त्याच्यावर तपकिरी रंगाचा स्पंज फिरवावा लागला. त्या रंगाचा एक ओघळ भुवईपर्यंत आला तरी आजोबा हलले नाहीत. जेवणाची सुट्टी झाल्यावर बाकी सगळे गमछ्यासकट पंगतीला बसले. आजोबांनी मात्र गमछा काढून शेजारी ठेवला, टोपी घातली आणि मगच भाताला हात लावला. जेवून झाल्यावर पुन्हा घडी, पुन्हा खिसा, पुन्हा थोपटणे. मी त्यांचे छायाचित्र काढणार होते, परंतु फोन वर उचलताच माझी मलाच लाज वाटली.

वाडा पाहून झाला. त्यातील भित्तिचित्रांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. संध्याकाळकडे धोमच्या रस्त्याला लागले, आणि ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला बसले ती तेथे घडली.

रस्त्याच्या कडेला उसाचे एक उंच, दाट शेत होते आणि त्याच्यापुढे कॅमेरा लावून नायिकेच्या सायकलवरून जाण्याचे चित्रीकरण चालू होते. युनिट तेच, सकाळचेच. गाडी थांबवून मी पायवाटेने शेताच्या मागच्या बाजूला गेले आणि पाहते तर शेतच नव्हते. रस्त्यालगतच्या आठ सऱ्या तेवढ्या उभ्या होत्या. त्यांच्यामागे सगळे रान मोकळे, पाचट पसरलेले, आणि उरलेल्या एका कोपऱ्यात टोळी कोयते चालवीत होती. बांधावर बसलेल्या शेतकरीदादांनी मला सारा खुलासा केला. आदल्या दिवशी याच शेतासमोर एक प्रसंग झाला होता, तेव्हा ऊस उभा होता. आज सकाळी कारखान्याची तोड आली. अर्धे रान तुटल्यावर युनिटमधला एक मुलगा कालचे फोटो फोनवर दाखवत धावत आला, की कंटिन्युइटी बिघडेल, आणखी दोन दिवस तोडू नका.

“आता कारखान्याची तोड काय डायरेक्टरला इचारून येती व्हय?” दादा म्हणाले. “आज टोळी परत लावली तर पुन्यांदा कवा यील, कोन सांगनार? तुरा आला की वजन गेलं.” शेवटी तडजोड झाली. आठ सऱ्या ठेवायच्या, कॅमेरा खाली लावायचा म्हणजे मागची मोकळी जमीन दिसणार नाही, आणि भाडे म्हणून तीन हजार रुपये घ्यायचे. म्हणजे साधारण एका टनाचा भाव. टोळीच्या मुकादमाला मात्र ‘ह्यो बेण्याला ठेवलाय’, म्हणजे पुढच्या लागवडीसाठी राखलाय, असे सांगितले होते. “खरं म्हंजे गुऱ्हाळाला घालनार,” असे माझ्या कानाशी पुटपुटून ते हसले.

इथवर सारे गमतीचे होते. परंतु रस्त्यावरून ‘सायलेन्स’ अशी आरोळी आली की कोयते थांबायचे. मोळी डोक्यावर घेतलेली बाई तशीच उभी राहायची, कारण ट्रॉलीला लावलेल्या फळीवर पाय पडला की फळी वाजायची. वाढ्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या मुलीही हात आखडून बसायच्या. मी तेथे होते तेवढ्या वेळात हे पाच वेळा घडले आणि त्यातल्या एका वेळी नायिकेच्या सायकलची साखळी निसटली म्हणून ती बाई मोळीखाली किती वेळ उभी राहिली ते मी घड्याळात पाहिले, तीन मिनिटे. या लोकांची मजुरी टनावर असते, तासावर नव्हे. जागेचे भाडे शेतकऱ्याला मिळाले, हजेरी वडाखालच्या गर्दीला मिळाली. टोळी मात्र चौकटीच्या बाहेर असल्यामुळे तिच्या थांबण्याची नोंद कोणाच्याच वहीत नव्हती. सकाळी चाळीस मिनिटे अडवल्याबद्दल मी केवढी धुसफुसले होते! त्या मोळीखालच्या मावशींना मी विचारले, तर त्या मानही न वळवता एवढेच म्हणाल्या, “त्यांचं बी पोटच हाय की, बाई.” मला हे औदार्य सहन झाले नाही. मी रस्त्यावर जाऊन त्या वॉकीटॉकीवाल्या मुलाला चार शब्द सुनावले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला की, तो रात्री दोनला झोपला आणि पहाटे पाचला उठला आहे. त्याच्याही वयाचे भान मला तेव्हा आले. विशीचा असेल नसेल. माझे उरलेले शब्द माझ्यापाशीच राहिले.

एक गोष्ट दादांनी निघता निघता सांगितली, ती चटका लावून गेली. गावाने स्वतःची वीज स्वतः तयार केल्याची गोष्ट ज्या चित्रपटात आहे, तो ‘स्वदेस’ येथे झाला. आणि शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज आजही पाळीनेच येते, कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्यात रात्रपाळी होती. शूटिंगच्या जनरेटरच्या उजेडात पहिल्यांदाच हातात बॅटरी न घेता दारे धरले, म्हणजे रात्री पिकाला पाणी दिले, असे ते म्हणाले आणि हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही.

पुढचे दोन दिवस पाचगणी-महाबळेश्वरात गेले. गर्दी होती.

दोन महिन्यांनी आईकडे गेले असताना ती मालिका लागली. आई ती नेमाने पाहते. ग्रामसभेच्या प्रसंगात आजोबांचा गमछा आणि अर्धा कान दिसला. मग सायकलचा प्रसंग आला. कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्यावरून हललाच नाही. मागे काहीतरी हिरवे, धूसर, सरकत होते. ज्या शांततेसाठी कोयते थांबवले होते, तिच्यावर पहिल्या क्षणापासून बासरी आणि व्हायोलिन चढवलेले होते. मी आईला म्हटले, ते मागे बघ, ते मी पाहिले आहे.

आईने चष्मा पुढे ओढून पाहिले आणि म्हणाली, “काय गं, मका आहे का?”