९७ मार्कांची डिस्क

नागपुरात बर्डीला एका गल्लीत आमचं जुन्या गेम्सचं दुकान आहे. समीक्षकांनी कोणत्या गेमला शंभरपैकी किती मार्क दिले, ते मी कपाटावर चिठ्ठी लावून ठेवतो. ती डिस्क किती दिवसांत परत येते, तेही लक्षात राहतंच. या दोन्हींचा मेळ किती कमी बसतो, ते मे महिन्यातल्या एका रविवारी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. इंजिनिअरिंगचा एक पोरगा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ घेऊन आला. पीएस-फोरवर, म्हणजे सोनीच्या गेम खेळायच्या मशीनवर, या गेमच्या दोन डिस्क असतात, एक डेटाची आणि एक खेळायची. पुष्कळ जण एकच आणतात, म्हणून मी आधी डबी उघडतो आणि दोन्ही ट्यूबलाइटखाली तिरप्या धरून ओरखडे पाहतो. दोन्ही स्वच्छ.

“दादा, बदलून द्या. ९७ मार्क काहून दिले, समजलंच नाही. तो माणूस एकेक खण उघडून राहिला, एकेक डबा उचलून पाहून राहिला. गोळीबार कधी सुरू होते?”

जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारचाच गेम म्हणून त्यानं तशाच पळापळीच्या आशेनं घेतला होता. मी ‘डेज गॉन’ काढून दिला. चिठ्ठीवरचे ७१ बघून त्याचा चेहरा पडला. गेमच्या दुनियेत ७१ म्हणजे जवळपास नापासच समजतात. पण २०१९मध्ये तो आला तेव्हा त्यात तांत्रिक दोष बरेच होते आणि समीक्षकांनी तपासला तो तेव्हाचा गेम. पुढे अपडेट येत गेले, मार्क तिथेच राहिले. मोटरसायकलमध्ये पेट्रोल संपत आलंय आणि मागे शेकड्यांनी झोंबी, हे त्या पोराला हवंच होतं. घेऊन गेला.

संध्याकाळी अजनीचे एक लोको पायलट आले, आमचं जुनं गिऱ्हाईक. ती डिस्क अजून काउंटरवरच होती. पोरगा काय म्हणाला ते मी त्यांना सांगितलं. “लावून दाखव,” म्हणाले. दुकानातल्या मशीनवर गेम आधीच भरलेला होता. सुरुवातीचा तो बर्फातला भाग, थकलेली माणसं, रिकाम्या घरात खाण्याचं शोधणं. तेच खण, तेच डबे. काका खुर्चीत पुढे सरकून बसले. “बघ, डबा हातात घेऊन वाचतो अन् मग थैलीत टाकतो. सिग्नलला मालगाडी तासतास उभी ठेवतो आम्ही, मला काय घाई?” विनाघासाघीस पैसे देऊन घेऊन गेले.

समीक्षक विकले गेलेत, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कारागिरी ते नीट ओळखतात. पन्नासच्या खाली मार्क असलेला गेम मी डोळे झाकून नाकारतो, त्यात क्वचितच फसगत होते. पण वरच्या टोकाला आकडा एवढंच सांगतो की काम मेहनतीचं आहे. कोणत्या मशीनवर तपासलं, हेही तो सांगत नाही. ‘सायबरपंक २०७७’ची प्रकाशनाआधीची परीक्षणं पीसीवरची होती. डिसेंबर २०२०मध्ये गेम बाजारात आला, पीएस-फोरवर तो नीट चालेना आणि आठवडाभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला.

लोकांचे मार्क तरी भरवशाचे आहेत का? जून २०२०मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ला समीक्षकांचे ९३ होते आणि लोकांनी तो संपवण्याआधीच शून्यांचा पाऊस पाडला. मग हे सगळे मार्क एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या वेबसाइटला प्रकाशनानंतर ३६ तास लोकांची परीक्षणं थांबवण्याचा नियम करावा लागला.

मला खरी चीड येते ती ‘फॉलआउट: न्यू वेगस’ची आठवण आली की. बोनससाठी ८५ हवे होते, मिळाले ८४. बनवणाऱ्या ऑब्सिडियनच्या मंडळींचा बोनस एका मार्कानं गेला. २०१०चा तो गेम लोक अजून मागतात.

त्या रात्री शटर ओढण्याआधी मी चिठ्ठ्या काढायला घेतल्या. मार्क तसेच ठेवले आणि प्रत्येकीवर खाली एक ओळ जोडली. ‘रेड डेड’वर लिहिलं: “सुरुवात फार संथ, निवांत वेळ असेल तरच घ्या.” ‘डेज गॉन’वर: “अपडेट टाकूनच खेळा.” आता गिऱ्हाईक आधी ती ओळ वाचतात, आकडा मागून विचारतात.