दातओठ खाता खाता

माझ्या दोन्ही बाजूंच्या दाढा झिजल्यात, हे मला दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. झोपेत तुम्ही दात करकरा चावता, म्हणाले. रात्री लावायला प्लास्टिकचा गार्ड दिला आणि निघताना सहज विचारलं, "मॅडम, काही टेन्शन आहे का?" मी हसून "नाही हो" म्हटलं. चार महिन्यांत त्या गार्डलाही भोक पडलं.

मी साताऱ्यात शाळेत गणित शिकवते. आईला पक्षाघात झाल्यावर सहा वर्षं तिचं सगळं मी केलं. दादा पुण्यात. दिवाळी आणि गणपतीला यायचा, येताना फळं आणायचा, संध्याकाळी परत जायचा. आई गेल्यावर सगळे म्हणाले, "तू मोकळी झालीस." मला मोकळं अजिबात वाटत नव्हतं. जबडा दुखायचा, झोप नव्हती, वर्गात मुलांवर ओरडायला लागले होते.

आधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड वगैरे तपासून घेतलं. मग गावातल्याच एका समुपदेशकांकडे गेले. दोन वेळा गेले, दोन्ही वेळा सकारात्मक विचार करा, आईच्या सेवेचं पुण्य आहे, असं ऐकून आले. पुण्य आहेच, पण माझी दाढ दुखतेय त्याचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

विवेकनिष्ठ मानसोपचार मला थोडा माहीत होता. कि. मो. फडक्यांमुळे तो मराठीत इतक्या लोकांपर्यंत पोचला आहे की, "विचार बदला, भावना बदलेल" हे आपल्याला तोंडपाठ आहे. माझी अडचण वेगळी होती. माझे विचार ठीक होते. दादाची नोकरी आहे, मुलं लहान आहेत, सगळं मला समजत होतं. समजत असूनही शरीर ऐकत नव्हतं. एका मैत्रिणीने गेस्टाल्ट या थेरपीचं नाव सांगितलं आणि मी शोधायला लागले.

शब्द जर्मन आहे. आकृती, एकसंध घडण, असा अर्थ. आपल्याकडच्या पुस्तकांत कुठे समष्टी, कुठे व्यूह असे शब्द वापरलेले दिसतात. १९१२ मध्ये माक्स वेर्थहायमर यांनी दाखवलं की लागोपाठ चमकणारे सुटे दिवे आपल्याला एकच सरकता उजेड म्हणून दिसतात. गणपतीच्या मखराभोवतीची पळती लायटिंग आठवा. एकही दिवा जागचा हलत नाही, तरी उजेड धावतो. मन सुट्या तुकड्यांतून पूर्ण आकृती पाहतं. हे झालं मानसशास्त्र. थेरपी नंतरची, फ्रिट्झ आणि लॉरा पर्ल्स या जोडप्याची. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली, पुढे ते दक्षिण आफ्रिकेत राहिले आणि युद्धानंतर न्यूयॉर्कला गेले. तिथे १९५१ मध्ये पर्ल्स, हेफरलाइन आणि गुडमन यांचं या थेरपीवरचं पुस्तक आलं.

मला थांबवलं ते पर्ल्स जोडप्याच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लेखनाने. त्यात दात आणि चावणं यावर बरंच आहे, आणि त्यामागे लॉरा यांनी बाळांच्या खाण्याचं केलेलं निरीक्षण होतं. त्यांचं म्हणणं असं की, माणूस अन्न चावतो तसंच जगाकडून मिळालेलं सगळं चावून घ्यायला हवं. जे पटेल ते पचवायचं, नको ते थुंकून टाकायचं. "मुलीने असं वागावं" हे न चावता गिळलं, तर ते पोटात दगडासारखं पडून राहतं. आणि जो राग दुसऱ्यावर निघायला हवा तो वाट नसली की स्वतःकडेच वळतो. वाचताना मी नकळत जबड्याला हात लावला. मराठीत आपण राग गिळतो, दातओठ खातो. ही भाषा हे सगळं कधीपासून सांगत होती आणि मी गार्ड बदलत बसले होते.

थेरपिस्ट शोधायला तीन महिने लागले. आपल्याकडच्या पाट्या गोंधळात टाकतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि तो क्रमांक आपण मागून पडताळू शकतो. समुपदेशक ही पाटी मात्र कोण लावतंय ते आपणच तपासावं लागतं. गेस्टाल्टचं प्रशिक्षण या सगळ्याच्या वर वेगळं असतं, काही वर्षं चालणारं, आणि त्यात स्वतः थेरपी घेणंही येतं.

एकांनी स्वतःला गेस्टाल्ट थेरपिस्ट म्हटलं होतं. फोनवर विचारलं, प्रशिक्षण किती काळाचं? एका शनिवार-रविवारची कार्यशाळा निघाली. मी पुढे विचारल्यावर त्यांना राग आला. मी माफी मागून फोन ठेवला, आणि मग माफी कशाची मागितली याचाच विचार करत बसले. दुसऱ्या एक खूप अनुभवी होत्या, पण इंग्रजीतच बोलू शकत होत्या. माझं इंग्रजी कामापुरतं ठीक आहे. आईच्या अंथरुणाची चादर मध्यरात्री बदलताना मनात काय यायचं, ते मी इंग्रजीत सांगू शकले नसते.

तिसऱ्या बाई पुण्याच्या. मी वहीत प्रश्न लिहून ठेवले होते आणि त्यांनी सगळ्यांची उत्तरं न चिडता दिली. मानसशास्त्रात एम. ए., मग गेस्टाल्टचं चार वर्षांचं प्रशिक्षण, आजही त्या आपल्या कामाबद्दल एका ज्येष्ठ थेरपिस्टशी नियमित बोलतात. फी दीड हजार, महिन्यातून दोनदा, एक आड एक ऑनलाइन चालेल. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा होता. मी फ्रिट्झ पर्ल्स यांच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या होत्या. ते समोरच्याला फार थेट, कधी कठोरपणे अडवतात. मी विचारलं, तुम्ही असं कराल का? त्या म्हणाल्या, "मी प्रयोग सुचवेन. नको असेल तर नको म्हणायचं. ते नको म्हणणंही आपल्या कामाचंच." कुणाला टोकाचा त्रास होत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ किंवा १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी स्वारगेटची एसटी धरली.

पहिल्या तीन सेशनमध्ये बोलणंच झालं. फरक एवढाच की त्या अधूनमधून माझं वाक्य मला परत देत. मी म्हणायचे, "माणसाला राग येतोच ना." त्या विचारायच्या, "कोणत्या माणसाला?" मी म्हटलं, "मला राग येतो." त्या म्हणाल्या, "मी चिडले आहे, असं म्हणून बघता?" मराठीत राग येतो, रडू येतं, कंटाळा येतो. सगळं बाहेरून चालत येतं आणि आपण दारात उभे. "मी चिडले आहे" म्हणताना मला घाम फुटला.

चौथ्या वेळी दादाबद्दल सांगत होते. त्यांनी विचारलं, "आत्ता तुमचा उजवा हात काय करतोय?" अंगठा मुठीत घट्ट दाबलेला होता, आणि चेहऱ्यावर हसू. समोर वेताची एक खुर्ची ठेवून त्या म्हणाल्या, "दादा इथे बसलाय असं धरून त्याच्याशी बोलावंसं वाटतं का?" मी खुर्चीला पहिलं वाक्य म्हटलं, "दादा, तू बरा आहेस ना?" त्या हळूच म्हणाल्या, "हे विचारायचं होतं तुम्हाला?"

नंतर जे बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. सहा वर्षांचं होतं. आवाज इतका चढला की घसा बसला. मग त्यांनी विचारलं, त्या खुर्चीत जाऊन बसाल का, दादा होऊन? मला हसू येईल असं वाटलं होतं. बसले, आणि तोंडून आलं, "मला कळायचंच नाही तिथे येऊन काय करू. तू सगळं आधीच केलेलं असायचंस." मी तशीच बसून राहिले. त्याचा अर्थ त्यांनी मला सांगितला नाही, मीही विचारला नाही. त्या खुर्चीतलं वाक्य माझं होतं, दादाचं नव्हे, हे त्यांनी निघताना आठवण करून दिली. दादाला काय वाटतं ते दादालाच विचारावं लागेल.

परतीच्या एसटीत खंबाटकी घाटापर्यंत मी रडले. शेजारच्या मावशींनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

दादाला फोन करायला पुढचे दोन महिने गेले. "मी तुझ्यावर चिडले आहे," एवढंच आधी म्हणाले. पलीकडे बराच वेळ काही नाही, मग "बोल." त्या दिवशी सगळं मिटलं नाही, आजही मिटलेलं नाही. आतापर्यंत बावीस सेशन झालीत. गार्ड रात्री लावतेच, हल्लीचा मात्र वर्षभर टिकलाय. गेल्या महिन्यात दादा आला होता, आम्ही दोघांनी आईचं कपाट आवरलं. त्याने तिच्या दोन इरकली साड्या मागितल्या. मी एक दिली. दुसरी मला हवी होती, आणि तसं त्याला सांगितलं.