परदेशातलं लग्न: तारखेपासून उलटं मोजत तयारी

परदेशात फिरायला जाताना विमान चुकलं तर फिरण्याचा एक दिवस कमी होतो. नात्यातल्या लग्नाला जाताना विमान चुकलं तर लग्नच चुकतं. म्हणून या प्रवासाची आखणी निघायच्या दिवसापासून पुढे न करता, पहिल्या कार्यक्रमाच्या दिवसापासून मागे करावी. व्हिसा, तिकीट, बॅगा, झोप, सगळ्यांची गणितं त्या एका तारखेला बांधलेली असतात.

सुरुवात पासपोर्टपासून. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून मुदत वाचा, आठवणीवर जाऊ नका. अनेक देशांना मुदत सहा महिने शिल्लक लागते. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे: तिथून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला हवा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने उरत असतील तर बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. दोन कोरी पानंही असू द्या. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. लग्नानंतर बदललेलं आडनाव, गाळलेलं मधलं नाव किंवा आडनावाची बदललेली जागा काउंटरवर अडवू शकते. स्पेलिंगची चूक तिकीट काढल्या दिवशीच कळवली तर बऱ्याचदा सहज सुटते. आयत्या वेळी त्यासाठी नवं तिकीट काढायची पाळी येऊ शकते.

व्हिसासाठी लग्नाचा पाहुणा म्हणून जाणारा माणूस साध्या भेटीच्या व्हिसावर जातो. पण ज्याचं स्वतःचं लग्न आहे त्याला वेगळा व्हिसा लागू शकतो. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून जाऊन लग्न करायचं असेल तर त्यासाठी मॅरेज व्हिजिटर व्हिसा काढावा लागतो, साधा व्हिजिटर व्हिसा चालत नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. खरा वेळ खाते ती अपॉइंटमेंट. लग्नाची तारीख ठरली की त्याच आठवड्यात अपॉइंटमेंटच्या तारखा बघायला लागा. पत्रिका छापून येण्याची वाट बघत बसू नका.

यजमानांचं निमंत्रणपत्र म्हणजे नुसतं ‘आमच्याकडे लग्न आहे, जरूर यावे’ नव्हे. त्यात पाहुण्याचं पूर्ण नाव आणि पासपोर्ट क्रमांक, नेमकं नातं, लग्नाची तारीख आणि स्थळ, मुक्कामाचा पत्ता, येण्या-जाण्याच्या तारखा आणि कोणता खर्च कोण करणार हे लिहिलेलं असावं. यजमान त्या देशात कोणत्या हक्काने राहतात त्याचा पुरावा, म्हणजे पासपोर्ट किंवा रहिवासी परवान्याची प्रत, सोबत जोडावी. शिवाय आपण परत येणार हे दाखवणारे कागद लागतात: नोकरीच्या ठिकाणची मंजूर रजा, व्यवसायाची नोंदणी, घर, मागे राहिलेले कुटुंबीय. अर्ज करणाऱ्या सर्वांच्या कागदांतल्या तारखा एकमेकांशी जुळतात ना, ते एकत्र बसून तपासा. बहिणीच्या पत्रात दहा दिवस आणि भावाच्या अर्जात तीन आठवडे असलं की शंका येतेच. मूल एकाच पालकासोबत जात असेल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा.

वाटेतल्या देशाचाही विचार करा. अमेरिकेत विमान बदलायचं असेल तरी देशात प्रवेश घ्यावाच लागतो. तिथे नुसतं विमानतळाच्या आत थांबून पुढे जाण्याची सोय नाही, त्यामुळे योग्य व्हिसा किंवा प्रवासाची पूर्वपरवानगी हवीच. शेंगेन आणि ब्रिटनमध्येही काही देशांच्या नागरिकांना विमान बदलण्यापुरता ट्रान्झिट व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटाच्या मोहात हा मुद्दा निसटला तर प्रवास पहिल्या विमानतळावरच संपतो.

तिकीट काढताना पोचण्याची तारीख नीट वाचा. रात्री निघणारी बरीच विमानं दुसऱ्या दिवशी पोचतात आणि वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+१’ लिहिलेलं असतं. पहिल्या कार्यक्रमाआधी किमान तीन पूर्ण दिवस तिथे असावं, असं माझं ठाम मत आहे. एक दिवस चुकलेल्या कनेक्शनसाठी, एक मागे राहिलेल्या बॅगेसाठी, एक झोपेसाठी. वर-वधूच्या आईवडिलांनी त्याहून आधी पोचावं.

सगळे टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असले तर पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकल्यावर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं जोडलीत तर दुसऱ्या कंपनीच्या हिशेबी तुम्ही आलाच नाहीत. बॅगाही पुढे आपोआप जात नाहीत, त्या घेण्यासाठी बाहेर यावं लागतं आणि त्यासाठी वाटेतल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अमेरिकेत तर एकाच तिकिटावरही बहुतेक वेळा पहिल्या विमानतळावर बॅगा घेऊन, कस्टम्समधून काढून, पुन्हा पट्ट्यावर द्याव्या लागतात. तिथे दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका, तीन तास असू द्या. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ऐन वेळी कळते. तिकिटातला एखादा टप्पा न कळवता सोडून दिलात तर पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, रद्द होतात. ‘मधल्या शहरातून मामाच्या गाडीने जाऊ’ हा बेत आधी कंपनीला विचारल्याशिवाय करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, लग्नाचे कपडे. मुख्य विधीचा एक पूर्ण जोड केबिन बॅगेत न्यावा, मग तो कितीही जड असो. बाकीचे कपडे माणसागणिक बॅग असे न भरता बॅगांमध्ये वाटून टाका: प्रत्येकाचा एक पोशाख या बॅगेत, एक त्या बॅगेत. मग एक बॅग मागे राहिली तरी कोणी एक जण पूर्ण उघडा पडत नाही.

भरजरी कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका. आत दमटपणा अडकला की धातूची जर काळवंडते. धुतलेलं मलमल किंवा जुनी मऊ सुती चादर घ्या. कपडा उलटा करून, कामाची बाजू आत ठेवून घडी घाला. जिथे घडी मोडते तिथे टिश्यूपेपर किंवा सुती कापडाची सैल गुंडाळी ठेवा, म्हणजे खडे आणि टिकल्या एकमेकांत रुतत नाहीत आणि कापडावर धारदार रेघ पडत नाही. हुक लावून टाका, नाहीतर तेच जाळीदार कापडात अडकून धागे ओढतात. अशी पुडकी बॅगेत वरच्या थरात, आडवी. अत्तर आणि तेलाच्या बाटल्या शक्यतो दुसऱ्या बॅगेत. पोचल्या दिवशीच कपडे बाहेर काढून टांगा, निम्म्या सुरकुत्या आपोआप जातात.

उरलेल्या सुरकुत्यांसाठी इस्त्री किंवा स्टीमर नेणार असाल तर आधी उपकरणावरची चिठ्ठी वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ असं असेल तर कुठेही चालेल. नुसतं ‘२३० व्होल्ट’ असेल तर १२० व्होल्टच्या देशात इस्त्रीला जेमतेम पाव ताकद मिळते आणि ती कोमटच राहते. उलट १२० व्होल्टचं हेअर स्ट्रेटनर २३० वर लावलं तर जवळजवळ चौपट ताकद अंगावर येऊन ते जळतं. अ‍ॅडॉप्टर फक्त प्लगचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. त्यापेक्षा यजमानांच्या घरची इस्त्री वापरावी.

मोठ्या बॅगेची मर्यादा बहुधा २३ किलो असते, काही तिकिटांवर ३२. घरीच वजन करा आणि दीड-दोन किलो मोकळे ठेवा, कारण विमानतळावरचा काटा आणि घरचा काटा क्वचितच जुळतात. पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची. १०० वॉट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंतची, बहुतेक ठिकाणी चालते. ती कशी ठेवायची आणि वापरायची याचे नियम मात्र कंपनीगणिक वेगळे आहेत, ते आधी वाचा. केबिनमधला द्रव पदार्थ सर्वसाधारणपणे १०० मिलीच्या बाटलीत हवा. फटाके आणि फुलझड्या कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. आहेराच्या वस्तूंना कागद तिथे गेल्यावर गुंडाळा. सुरक्षा तपासणीत पाकीट फोडलं तर पुन्हा चिकटवून कोणी देत नाही.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधीच बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. मुक्कामाचा पत्ता स्पष्ट द्या आणि लग्नाची तारीख सांगा. आत काय आहे याचा फोटो बॅग भरतानाच काढलेला असेल तर वर्णन करताना अडखळायला होत नाही. दरम्यान घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलच्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅगेचं नुकसान झालं असेल तर बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशीर झाला असेल तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर. एका भरजरी पोशाखातच ही मर्यादा संपते. दागिन्यांची जबाबदारी तर कंपन्या आपल्या अटींमध्येच नाकारतात. म्हणून दागिने अंगावर किंवा केबिन बॅगेत, सोबत बिलं किंवा मूल्यांकनाचा कागद आणि फोटो. परत येताना ‘हे इथूनच नेलं होतं’ हे कस्टम्सला दाखवायला तेच उपयोगी पडतात.

आहेराची रोख रक्कम नेत असाल तर ती जाहीर करायला घाबरू नका. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त आणि युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रक्कम सांगावी लागते. सांगणं म्हणजे कर भरणं नव्हे. अमेरिकेत एकत्र अर्ज भरणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्र मोजली जाते, त्यामुळे चार पाकिटांत वाटून काही साधत नाही, उलट संशय वाढतो. निघणाऱ्या देशाचे नियमही बघा.

खाऊ आणि फुलांचंही तसंच. युरोपीय संघाबाहेरून बहुतेक देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू, बिया, ताजी फुलं आणि लाकडी वस्तू सांगाव्याच लागतात. सांगितलीत तर फार तर वस्तू जाते. लपवलीत तर न्यूझीलंडमध्ये जागेवरच ४०० डॉलरचा दंड होऊ शकतो. हार आणि गजरे तिथल्या फुलवाल्याकडे सांगून ठेवा.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आठवडाभर जास्तीची, केबिनमध्ये. चिठ्ठीत औषधाचं मूळ रासायनिक नाव असावं, ब्रँड तिथे कोणी ओळखणार नाही. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका, मालाच्या कप्प्यात ते गोठलं तर निकामी होतं. नेहमीची सर्दीची गोळीसुद्धा काही देशांत चालत नाही: जपानमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध नेता येत नाही, संयुक्त अरब अमिरातीत कोडीनवर नियंत्रण आहे. विमा घेताना जुने आजार लपवू नका. शेंगेन व्हिसासाठी तो किमान ३०,००० युरोंचा लागतो.

झोपेचा हिशेब दिशेवर असतो. शरीर दिवसाला साधारण एका तासाचा फरक पचवतं आणि पूर्वेकडचा प्रवास जास्त जड जातो. पश्चिमेकडे गेलात तर पहाटे तीनला जाग येते आणि संध्याकाळी सातला डोळे मिटतात, म्हणजे स्वागत समारंभ अवघड. तिथे संध्याकाळी उजेडात फिरा. पूर्वेकडे गेलात तर रात्री झोप येत नाही आणि सकाळचा विधी अवघड होतो. तिथे सकाळचं ऊन घ्या. फरक आठ तासांहून जास्त असेल तर मात्र पहिले एक-दोन दिवस अगदी लवकरचं ऊन टाळून उशिराचं घ्या. बसून बसून पाय सुजतात आणि सूज एखाद-दोन दिवस राहू शकते. लग्नात पहिल्यांदाच घालायचे नवे घट्ट जोडे म्हणूनही नकोत.

वयस्कर मंडळींसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी सांगून ठेवा. त्यांच्या खिशात एक कागद हवा: कोणाकडे, कुठे, किती दिवस, कशासाठी, परत कधी, आणि न्यायला येणाऱ्याचा फोन. इमिग्रेशनवर हेच विचारतात. पत्रिका हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा. घरच्या नंबरचं रोमिंग चालू राहू द्या. तिथलं सिम घातलं आणि घरचा नंबर बंद राहिला की बँकेचा ओटीपी येत नाही आणि कार्ड असून नसल्यासारखं होतं.

मुक्कामाबद्दल माझा आग्रह असा: लग्न होईपर्यंत जवळच वेगळी जागा घ्या आणि लग्नानंतर नातेवाइकांच्या घरी राहा. आधीचे चार दिवस त्या घरात कोणालाही बसायला फुरसत नसते. बाथरूमची रांग आणि चहाचे कप यांतच यजमान थकतात. नंतरचा आठवडा खरा भेटीचा. परतीचं तिकीट लग्नाच्या दुसऱ्याच दिवशीचं काढून माणसं इतक्या लांबून येतात आणि न बोलताच जातात, याचं वाईट वाटतं.

नंतर राहणार असाल तर मुदत मात्र प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या परवानगीवरून मोजा, व्हिसाच्या मुदतीवरून नव्हे. अमेरिकेत व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची परवानगी आय-९४ या प्रवेशाच्या सरकारी नोंदीतल्या तारखेपर्यंतच असते. ती ऑनलाइन बघता येते, पोचल्यावर लगेच बघून ठेवा. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि त्यात येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात. निघताना मिळालेल्या आहेराची बिलं मागून घ्या आणि कोणी ‘एवढं पोचवाल का’ म्हणून बांधलेलं पाकीट दिलं तर ते उघडून, स्वतः पाहून, मगच बॅगेत ठेवा.