आधी ढाळ, मग टाइल्स

नरक चतुर्दशीच्या पहाटे सासूबाई मागच्या अंगणातल्या मोरीत घसरल्या. अंगाला तेल-उटणं लावलेलं, शहाबादी फरशी वापरून गुळगुळीत झालेली, आणि धरायला भिंतीला काहीच नाही. मांडीचं हाड वाचलं, मनगटावर निभावलं. महिनाभर प्लास्टर होतं. त्या महिन्यात मीच त्यांना न्हाऊ घालत होते. त्या मोरीत एका म्हाताऱ्या माणसाला कुठे कुठे जीव मुठीत धरून वावरावं लागतं, ते मला तेव्हा कळलं.

आमचं घर जळगावात आहे. बैठं घर, सासऱ्यांनी १९९४ साली बांधलेलं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे संडास अंगणाच्या टोकाला आणि मोरी स्वयंपाकघराच्या मागे. मोठ्या बेडरूमला लागून नऊ बाय साडेपाच फुटांची कोठीची खोली होती. गव्हाच्या कोठ्या, लोणच्याच्या बरण्या, तांब्याचा जुना बंब असं सगळं तिथे ठेवलेलं. ती रिकामी करून बेडरूमला जोडून न्हाणीघर करायचं आणि ती बेडरूम सासूबाईंना द्यायची, असं ठरलं. काम संक्रांतीनंतर काढायचं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत संपवायचं, कारण आखाजीला दोन्ही नणंदा लेकरांसकट माहेरी येतात.

ड्रॉइंग काढणाऱ्याने पहिला कागद आणला तो दिसायला फार सुंदर होता. काचेचं पार्टिशन, छतातून पडणारा मोठा शॉवर, काळ्या चकचकीत टाइल्स. सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला आणि एकच विचारलं, ‘‘पानी कथं जाई, ते पहिले सांग.’’

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कागदावर जाळीची एक खूण होती, पण पाणी कुठून कुठे वाहणार याचा एकही बाण नव्हता. पुढचे तीन महिने मी प्रत्येक कारागिराला हाच प्रश्न विचारत राहिले, आणि आज कुणी मला न्हाणीघराबद्दल विचारलं तर माझी सुरुवात तिथूनच होते.

रिकाम्या कोठीत आम्ही खडूने जमिनीवर रेघा मारल्या. कमोडच्या जागी खुर्ची, बेसिनच्या जागी स्टूल, आंघोळीच्या जागी पाट आणि बादली. मग सासूबाईंना आत जायला सांगितलं. दार आत उघडणारं धरलं होतं, ते खुर्चीला अडत होतं. आतलं माणूस पडलं तर असं दार बाहेरून ढकलताही येत नाही, म्हणून ते बेडरूमच्या बाजूला उघडायचं ठरलं. रुंदी अडीच फुटांची तीन फूट केली, म्हणजे त्यांचा हात धरून दुसरं माणूस बरोबर आत जाऊ शकतं. शिरल्यावर आधी बेसिन, मग कमोड, आणि शेवटचे चार फूट आंघोळीचे, म्हणजे ओलं सगळं खिडकीच्या बाजूला. कमोडच्या मध्यापासून दोन्हीकडे किमान पंधरा इंच मोकळे हवेत, हे त्या खुर्चीवर बसल्याबरोबर पटलं. कोपर आपटलं की माप कळतं.

सासूबाई आयुष्यभर पाटावर बसून, बादलीत तांब्या बुडवून आंघोळ करत आल्या. उभं राहून शॉवर घेणं त्यांना या वयात जमणारं नाही, आणि त्यांनी ते का शिकावं? म्हणून भिंतीला लागून अठरा इंच उंचीचा पक्का कट्टा बांधून घेतला, बसल्यावर पाय जमिनीवर टेकतील असा. त्याच्या शेजारी नऊ इंचांचा दुसरा बुटका कट्टा बादलीसाठी, म्हणजे तांब्या घ्यायला वाकावं लागत नाही. बादलीचा नळ त्याच्या वर, हँड शॉवर बसल्या हाताला येईल असा, आणि साबण ठेवायला भिंतीतच कोनाडा. कमोडच्या बाजूला आणि कट्ट्याजवळ धरायला स्टीलच्या दांड्या, जमिनीपासून तेहेतीस इंचांवर. या दांड्यांसाठी भिंत आधीच भरीव लागते. टाइल्स लावल्यावर नुसत्या ड्रिलने ठोकलेली दांडी माणसाचं वजन पेलेल याची खात्री नसते. ज्यांच्या घरात आज कुणी म्हातारं नाही त्यांनीही ती जागा भरीव करून ठेवावी, असं मी आग्रहाने सांगते.

खोदायला घेतलं तेव्हा आमच्या काळ्या मातीने रंग दाखवला. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला भेगा पडतात. तिच्यात नुसता गाडलेला पाइप वर्षानुवर्षं वर-खाली होत राहतो. अंगणातल्या संडासाचा जुना पाइप दोन ठिकाणी तडकलेला निघाला. आमच्या मिस्त्रींनी, ज्यांना आम्ही सगळे नानाभाऊ म्हणतो, अडीच फूट माती काढून मुरूम भरला, थराथराने पाणी मारून धुमसला, आणि पाइपाखाली वाळूची गादी केली. चार इंची पाइपाला फुटामागे पाव इंच ढाळ. आमचा सांडपाण्याचा चेंबर चौदा फुटांवर, म्हणजे साडेतीन इंच उतार लागणार. तेवढा बसतो की नाही, हे भरणी करण्याआधी पाण्याच्या लेव्हल पाइपने पाहून घेतलं. कमोड या भिंतीला की त्या भिंतीला, हा वाद घरात आठवडाभर चालला होता. तो या साडेतीन इंचांनी मिटवला.

एक मोठी चूक थोडक्यात वाचली. कमोडचं भांडं आम्ही पाइप टाकण्याच्या आधीच आणून ठेवलं होतं. कागदावर त्याचं तोंड भिंतीपासून नऊ इंचांवर. प्लंबरने बरोबर नऊ इंच मोजून पाइप वर काढला, पण मोजला तो उघड्या विटेपासून. त्यावर प्लास्टर येणार, त्यावर टाइल्स, म्हणजे दीड इंच तिथेच जातो. भांडं ठेवून पाहिलं आणि मागे दीड इंचाची लाकडी पट्टी धरली, तर भांडं बसेना. तो म्हणाला, ‘‘ताई, बसवतो मी बरोबर, थोडं इकडे-तिकडे होईल.’’ मी म्हटलं, ‘‘नाही भाऊ, आत्ताच काढा.’’ अर्धा दिवस गेला. टाइल्स लागल्यावर कळलं असतं तर सगळी जमीन फोडावी लागली असती. म्हणून भांडं, मिक्सर, बेसिन या वस्तू आधी घरात याव्यात आणि भिंतीतल्या झिऱ्या, म्हणजे पाइपांसाठीच्या खाचा, नंतर माराव्यात. आणि प्रत्येक माप तयार भिंतीपासून धरावं.

पाण्याचा विचार आमच्याकडे वेगळा करावा लागतो. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, पण ते रोज नाही. मधले दिवस बोअरवर. आमच्या बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि जुन्या नळाच्या तोंडाशी पांढरा खडू साचलेला असायचा. पाणी तपासून घेतलं, कठीणपणा लिटरमागे ७०० मिलिग्रॅमच्या वर निघाला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी तो २०० पर्यंत हवा, आणि दुसरी सोय नसेल तर फार तर ६०० चालतो. असं पाणी तापवलं की क्षार गिझरच्या कॉइलवर बसतात, शॉवरची भोकं बुजतात. क्षार काढणारं मशीन बसवण्याचा विचार झाला, पण त्याला मीठ घालत राहा, त्याचं पाणी सोडत राहा, ते मला झेपणारं वाटलं नाही. त्याऐवजी गच्चीवर दोन टाक्या आणि दोन वेगळ्या लाइनी केल्या. बोअरची लाइन फक्त फ्लशला आणि अंगणाला, नगराच्या पाण्याची बेसिनला, आंघोळीला आणि गिझरला. खर्च सात-आठ हजारांनी वाढला. भिंती उघड्या असतानाच हे होतं, नंतर होत नाही. गरम पाण्याला ते सोसणारा सीपीव्हीसी प्लास्टिकचा पाइप, गिझरला चार स्क्वेअर एमएमची वेगळी वायर आणि सोळा अँपिअरचा पॉइंट, आणि सगळ्या न्हाणीघराला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच. ओल्या अंगाने माणूस जिथे वावरतं तिथे यात काटकसर करू नये.

प्लास्टरआधी लाइनींना प्रेशर देऊन एक रात्र ठेवलं. आणि भिंती बंद होण्यापूर्वी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, शेजारी टेप धरून.

वॉटरप्रूफिंगबद्दल ‘तळमजल्याला काय करायचं, खाली कुणी राहत नाही’ असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पण ओल खाली जाते तशी भिंतीतून वरही चढते आणि शेजारच्या बेडरूमचा रंग फुगतो. जमीन आणि भिंत मिळते तिथे कोपऱ्याला सिमेंटचा गोलसर वाटा केला, मग वॉटरप्रूफिंगचे उभा-आडवा असे दोन हात, जमिनीपासून फूटभर वर आणि आंघोळीच्या भिंतींना सहा फुटांपर्यंत. जाळीच्या तोंडाला बोळा घालून चार इंच पाणी भरलं आणि दोन दिवस सोडलं. मार्चचं ऊन, पाणी नुसतं वाळूनही कमी होणार. म्हणून नानाभाऊंनी त्यातच पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि दोन्हीकडे पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी खुणेच्या अर्ध्या बोटानेही उतरलं नव्हतं, जमिनीवरचं मात्र दोन बोटं उतरलं होतं. गळती जाळीखालच्या ट्रॅपच्या, म्हणजे वास अडवणाऱ्या भांड्याच्या गळ्याशी सापडली. तिथे परत भरून, परत पाणी ठेवून, दोन्ही खुणा सारख्या उतरल्या तेव्हाच टाइल्सचं नाव काढलं.

टाइल्स गुजरातमधल्या मोरबीहून आलेल्या, इथे दुकानांत ढिगांनी मिळतात. भिंतीचं मी पटकन उरकलं, फिक्या रंगाची मॅट. काळ्या चकचकीतवर आमच्या पाण्याचा एक एक थेंब पांढरा डाग होऊन बसला असता. जमिनीच्या टाइल्सला मात्र वेळ दिला. दुकानदाराकडे मगभर पाणी आणि थोडा साबण मागितला, चार नमुने जमिनीवर मांडून ओले केले आणि चप्पल काढून एकेकावर उभी राहिले. ‘अँटिस्किड’ असं खोक्यावर लिहिलेल्या दोन टाइल्सवर टाच सरकत होती. तिसरीवर नाही सरकली, तीच घेतली. आकार फूट बाय फूटच. दोन बाय चारच्या मोठ्या टाइल्सना चारी बाजूंनी जाळीकडे ढाळ देता येत नाही. तो लहान टाइल्सनाच नीट मिळतो.

आणि ढाळाचंच शेवटी बिघडलं. ओल्या आणि कोरड्या भागात उंबरा नको, सासूबाईंचा पाय अडखळेल, म्हणून सगळा भरवसा ढाळावर होता. पाच फुटांना पाऊण इंच असं ठरलेलं. टाइल्सवाला संध्याकाळी काम आटोपून हात धुवायला गेला तेव्हा मी मुलाची काचेची गोटी आणली आणि कट्ट्यापाशी सोडली. ती घरंगळत जाळीत गेली. कमोडजवळ सोडली, ती तिथेच थांबली. मग दाराजवळ सोडली, ती हळूच बेसिनखाली वळून भिंतीला टेकली. तांब्याभर पाणी ओतलं, त्याचंही तसंच तळं झालं. माल अजून ओला होता. टाइल्सवाला नाराज झाला, ‘‘पोचारा मारला की होतं ताई,’’ म्हणाला. मी म्हटलं, रोज पोचारा मारणारी मी आहे आणि त्यावरून चालणारी ती बाई सत्तरीपुढची आहे. दिवसाउजेडी नाही जमलं तर दिवा लावून करू, पण आज करू. नानाभाऊंनी दोरी धरली, आणि पाच टाइल्स उचलून रात्री साडेनऊला परत बसवल्या. सांधे दोन दिवसांनी इपॉक्सीने भरले. ते महाग पडतं, पण त्यात मळ धरत नाही.

एकूण खर्च एक लाख ऐंशी हजारांच्या घरात गेला, अंदाज एक तीसचा होता. वाढलेले पैसे बहुतेक जमिनीखाली आणि भिंतीच्या आत आहेत.

आखाजीच्या चार दिवस आधी काम झालं. पुजेचं कुंकू लावून सासूबाई आत गेल्या आणि त्यांनी आंघोळीआधी बेसिनपाशी तांब्या उपडा केला. पाणी कमोडला वळसा घालून कट्ट्याखालून जाळीत गेलं. त्या ते संपेपर्यंत बघत राहिल्या. ‘‘आते बरं शे,’’ म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

एक गोष्ट आमच्या डोक्यात आली नव्हती. पारा पंचेचाळिशीला टेकला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला पोळतं. गिझर बंद आणि थंड नळाला कढत पाणी. नणंदेचं लेकरू शॉवरखाली ओरडलं तेव्हा ते कळलं. टाकीवर आता बांबू-चटईचं छप्पर केलंय, गच्चीवरच्या उघड्या पाइपाला जाड वेष्टण घातलंय. तरीही दुपारच्या आंघोळीसाठी सासूबाई रात्रीच दोन बादल्या भरून ठेवतात, बुटक्या कट्ट्यावर एक आणि खाली एक.

श्रावणात टॉवेलची दांडी बसवायला माणूस आला. त्याने ड्रिल टेकवलं त्या जागेमागेच गरम पाण्याची लाइन होती. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला फोटो दाखवला, आणि त्याने दांडी सहा इंच डावीकडे घेतली.