बोटाच्या टोकातलं चुंबक

कॉडा इक्वायनाचा संशय असलेला पेशंट खाली येतोय, असा फोन आला की एमआरआय विभागात सगळ्यांची नजर घड्याळाकडे जाते. कंबरेतली गादी मोठ्या प्रमाणात सरकते, मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा झुबका दाबला जातो, पाय बधिर व्हायला लागतात, लघवी-संडासवरचा ताबा सुटतो. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर तो ताबा परत येईलच याची खात्री नसते. म्हणून इंग्लंडमधल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा पेशंटचा एमआरआय मागणी आल्यापासून चार तासांच्या आत व्हायला हवा.

मी मूळची पुण्याची. शिक्षण आणि सुरुवातीची नोकरी तिथेच झाली. आता उत्तर इंग्लंडमधल्या एका सरकारी हॉस्पिटलात एमआरआय रेडिओग्राफर, म्हणजे स्कॅन काढणारी तंत्रज्ञ आहे. त्या शनिवारी दुपारी ऑन-कॉल होते. पेशंट तिशीतला, नाटकगृहात ध्वनियंत्रणा सांभाळणारा. मोठे स्पीकर चढवता-उतरवताना कंबर धरली, दुखणं त्याने अंगावर काढलं, आणि त्या दिवशी सकाळी बसल्या जागचं काही जाणवेना तेव्हा कॅज्युअल्टीत आला. वेदनाशामकांची गुंगी होती. सुरक्षेचा फॉर्म त्याच्या बहिणीने भरला होता. पेसमेकर? नाही. डोळ्यांत कधी धातूचा कण गेला होता? नाही. ऑपरेशन? नाही. सगळी पानं स्वच्छ.

फॉर्म कितीही स्वच्छ असला तरी मी प्रत्येक प्रश्न तोंडी पुन्हा विचारते. आमचं मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट. निओबियम-टायटॅनियमच्या तारांची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडवलेली असते आणि तिच्यात एकदा सोडलेली वीज अखंड फिरत राहते. स्कॅन चालू नसतो तेव्हाही, रात्री दिवे मालवून आम्ही घरी जातो तेव्हाही, चुंबक चालूच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाईक म्हणून आलेला तरुण हातातल्या ऑक्सिजन सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला आणि जिवाला मुकला. ती बातमी वाचल्यापासून दाराशी उभी असताना माझा हात आपोआप आडवा होतो.

बाहेरच्या तयारीच्या खोलीत आम्ही मूठ असलेलं एक जोरदार चुंबक ठेवतो. नवीन स्टँड, चाकाची खुर्ची, कसली क्लिप लोखंडी आहे का, हे त्याने पाहायचं. या पेशंटच्या सलाइनच्या स्टँडला मी ते लावून बघत होते. तो एकदम डावा हात छातीशी घेऊन म्हणाला, "ते जरा लांब धराल का?"

मी लांब धरलं आणि विचारलं, काय झालं?

त्याने बहिणीकडे पाहिलं. मी तिला बाहेर चहा घ्यायला पाठवलं, पडदा ओढला. मग तो म्हणाला, "माझ्या बोटात चुंबक आहे." फाइलला लावलेल्या साध्या पेपर-क्लिपवर त्याने डाव्या हाताची अनामिका धरली. क्लिप टुणकन उडाली आणि बोटाच्या टोकाला लटकली. हात हलवला तरी पडेना. जिथे ती चिकटली होती तिथली कातडी दाबाने जराशी पांढरी पडली होती, आणि पेराच्या कडेला, नखापासून जरा दूर, बारीकशी जुनी शिवणीची रेघ दिसत होती.

"फॉर्मवर का नाही लिहिलं?" असं मी विचारलं नाही. तोच सांगायला लागला. बहिणीला माहीत नव्हतं. शिवाय पूर्वी एका दवाखान्यात त्याने हे सांगितलं होतं, तर तिथल्या माणसाने आणखी दोघांना बोलावून गंमत दाखवली आणि वर वेडेपणाबद्दल उपदेश केला. तेव्हापासून त्याने विषय काढणंच सोडलं होतं.

हे ऐकून मला पुण्यातले दिवस आठवले. आमच्याकडे येणाऱ्या बायका मंगळसूत्र काढून ठेवत, पण ब्लाउजच्या आतली सेफ्टी पिन विसरत. जोडवी काढायला सांगितलं की चेहरा उतरे. पुरुषांच्या कंबरेला करगोटा, त्यात ओवलेला ताईत, आणि तो आहे हे चारचौघांत कबूल करायची लाज. माझ्या पहिल्या वरिष्ठ ताईंनी मला शिकवलं होतं: पडद्याआड घे, आवाज खाली ठेव, आणि काय निघेल ते निघो, भुवई वर करायची नाही. यंत्र चालवायला सहा महिन्यांत येतं. हे विचारणं यायला वर्षं लागतात, आणि माणसं वाचतात ती बहुतेक वेळा यानेच.

आता प्रश्न होता पुढे काय. मी रेडिओलॉजिस्टना, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, आणि आमच्या एमआर सुरक्षेच्या भौतिकतज्ज्ञांना फोन लावला. पेशंटला चुंबकाची मापं तोंडपाठ होती: तीन मिलिमीटर व्यासाची, पाऊण मिलिमीटरही जाड नसलेली चकती, निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा मिश्रधातू, वरून टायटॅनियम नायट्राइडचा लेप. वजन चाळीस मिलिग्रॅमच्या आत. भौतिकतज्ज्ञांनी फोनवरच आकडेमोड केली. एवढ्याशा चकतीवर मशीनच्या तोंडाशी येणारी ओढ फार तर चार-पाच ग्रॅमची. ऐकून मला हायसं वाटायला लागलं, तेवढ्यात ते म्हणाले, ओढ सोडा, पीळ बघा. चुंबक आपली दिशा क्षेत्राशी जुळवायला वळतंच, होकायंत्राची सुई वळते ती याच पिळामुळे. १.५ टेस्लामध्ये ती चकती आडवी सापडली तर तिच्या दोन्ही कडांवर उलटसुलट, प्रत्येकी पाव किलोच्या आसपास जोर येतो. तो बोटाच्या सगळ्यात नाजूक मांसावर. लेप फाटू शकतो, चकतीचे तुकडे होऊ शकतात, कारण निओडिमियमची चुंबकं ठिसूळ असतात. आणि क्षेत्राच्या उलट्या दिशेत अडकली तर तिचं स्वतःचं चुंबकत्वही जाऊ शकतं.

बहिऱ्या माणसाला ऐकू यावं म्हणून बसवलेल्या कॉक्लियर इम्प्लांटमध्येही चुंबक असतं आणि अशा पेशंटचे एमआरआय आम्ही करतो. डोक्याला घट्ट पट्टी बांधून, किंवा ते चुंबक आधी काढून. नव्या प्रकारांत ते आतल्या आत फिरू शकतं. पण तिथे बनवणाऱ्यांच्या लेखी सूचना असतात, कुठल्या मशीनमध्ये काय चालेल याच्या. टॅटूच्या दुकानात बसवलेल्या चकतीला असला कागद नसतो. ज्याची लेखी खात्री नाही ते असुरक्षित धरायचं, हा आमचा नियम. सीटी स्कॅनवर मोठी सरकलेली गादी दिसू शकते, पण या आजारात तेवढ्यावर विसंबून राहणं बरोबर नाही. मग उपाय एकच उरला: चुंबक काढायचं आणि लगेच स्कॅन करायचा. हातांच्या शस्त्रक्रियेच्या रजिस्ट्रार, म्हणजे त्या विभागातल्या डॉक्टर, येईपर्यंत थोडा वेळ होता.

त्याला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. कंबरेचं ऑपरेशन होऊ शकतं हे ऐकताना तो इतका हलला नव्हता. "मला बोट सुन्न झाल्यासारखं वाटेल हो," तो म्हणाला. मला खरंच समजून घ्यायचं होतं, म्हणून विचारलं, काय जाणवतं?

मायक्रोवेव्ह चालू असला की हाताच्या अंतरावरूनच गुणगुण लागते. लॅपटॉपच्या चार्जरपाशी बारीक थरथर, पंख्याच्या मोटरपाशी खरखरीत. दुकानाच्या दारातली चोरी पकडणारी कमान तर त्याला आवडतच नव्हती, तिथून जाताना बोट झणझणे. स्पीकरच्या मागच्या चुंबकाची कड त्याला हवेत चाचपता येई, जणू तिथे काही गुळगुळीत, गोल, न दिसणारं ठेवलंय. वीज आहे की नाही हे बघायला मात्र तो टेस्टरच वापरे. तारेत दाब असला तरी प्रवाह नसेल तर बोटाला काही कळत नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलं. त्याचं हे तारतम्य मला फार आवडलं.

यात जादू नाही. आपल्याकडची आणि इंग्लंडमधली वीज सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन घेते, तिच्या भोवतालचं क्षेत्रही तसंच बदलतं, आणि कातडीखालची चकती त्या तालावर थरथरते. बोटाच्या टोकाला कंप टिपणारी चेतातंतूंची टोकं दाटीने असतात. त्यांना ती थरथर कळते. म्हणजे इंद्रिय जुनंच, स्पर्शाचं. पण मेंदू हळूहळू त्या कंपांचा अर्थ लावायला शिकतो आणि माणसाला 'इथे क्षेत्र आहे' असं थेट वाटू लागतं. अनामिकाच का, तर तिथे संवेदना भरपूर, आणि काही बिघडलंच तर चिमटीत धरायची मुख्य बोटं शाबूत राहतात.

हा प्रकार सुरू झाला अमेरिकेत, २००० नंतरच्या दशकात. ॲरिझोनातले स्टीव्ह हॉवर्थ हे शरीरात दागिने बसवणारे कारागीर आणि टॉड हफमन ही त्यातली सुरुवातीची नावं. पत्रकार क्विन नॉर्टन यांनी २००६ मध्ये स्वतःचा अनुभव लिहिला: आधी नवलाई, मग सिलिकॉनचा लेप फाटला आणि चुंबकाचे तुकडे झाले. इथे इंग्लंडमध्ये रीडिंग विद्यापीठात केविन वॉरविक यांच्या गटाने याचा नीट अभ्यास केला. २०१० मध्ये त्यांनी मांडलेल्या प्रयोगात बोटाभोवती तारेची गुंडाळी होती आणि तिला जोडलेला अल्ट्रासाउंडचा अंतरमापक. समोरची वस्तू जवळ आली की बोटातलं चुंबक त्याप्रमाणे कंप पावे. दृष्टिहीनांना याचा कधी उपयोग होईल का, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. या लोकांना विक्षिप्त म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही ते यासाठी.

मला काळजी वाटते ती बसवण्याच्या पद्धतीची. दुकानातल्या माणसाला भुलीचं इंजेक्शन द्यायची परवानगी नाही, म्हणून याचं बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून बधिर केलं आणि चीर दिली. इंग्लंडच्या अपील कोर्टाने २०१८ मध्ये शरीरात फेरफार करणाऱ्या एका व्यावसायिकाच्या खटल्यात सांगितलं की कान कापणं, जीभ दुभागणं अशा गोष्टींत गिऱ्हाइकाची संमती होती हा बचाव चालणार नाही. तेव्हापासून अशी कामं करणारे आणखीच लपून करतात, आणि करवून घेणारे आणखीच गप्प बसतात.

रजिस्ट्रार आल्या. आधी बोटाचा एक्स-रे काढला: पांढरीशुभ्र चकती, अखंड, आजूबाजूला कण नाहीत. बोटाच्या मुळाशी भूल दिली. आणि मग जे अपेक्षित नव्हतं ते सुरू झालं. नेहमीचा स्टीलचा चिमटा जखमेजवळ नेला की चकती आतून उसळी घेऊन त्याला ओढून घेई. चिमट्याचं टोक बाईंना हवं तिथे जाईना, कातडीच मध्ये चिमटली जाई. शेवटी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमधून टायटॅनियमचा चिमटा मागवला. त्याने ती दोन मिनिटांत निघाली. बारीक टिकलीएवढी, सोनेरी, एका कडेला लेप घासून करडा झालेला. ती कड बघून रजिस्ट्रारबाईंनी त्याला दाखवली आणि म्हणाल्या, हे फार काळ टिकलं नसतं. नर्सने ती निर्जंतुक करून देऊ का विचारलं, तर तो घाईने म्हणाला, "ऑटोक्लेव्हमध्ये नको!" बरोबर होतं त्याचं. साध्या प्रतीचं निओडिमियम ऐंशी अंशांपुढे चुंबकत्व गमावायला लागतं आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, सहसा १२१ अंशांच्या खाली चालत नाही. चकती प्लास्टिकच्या डबीत घालून बहिणीकडे दिली. तिला तोवर त्याने स्वतःच सगळं सांगितलं होतं.

पुन्हा एक्स-रे, बोट रिकामं असल्याची खात्री, आणि मग स्कॅन. पहिल्याच चित्रांत दिसलं: शेवटच्या मणक्याखालची गादी एवढी मागे आली होती की नसांना जागाच उरली नव्हती. चार तास उलटायच्या आत रिपोर्ट गेला. त्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं आणि रात्रीच ऑपरेशन झालं.

पुढच्या तपासणीला तो चालत आला. लघवीचा त्रास उरला नव्हता. डाव्या पावलाची एक बाजू अजून बधिर होती. दरम्यान आमच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढली होती: 'कातडीखाली काही बसवलं आहे का? चिप, चुंबक, दागिना, दवाखान्याबाहेर बसवलेलंसुद्धा.' त्याने ती वाचली आणि विचारलं, "परत बसवलं तर?"

मी म्हटलं, तुमच्या कंबरेचे आणखी स्कॅन व्हायचे आहेत, ते संपेपर्यंत थांबा. नंतर बसवलंत तर पेसमेकरवाले ठेवतात तसं कार्ड खिशात ठेवा आणि फॅमिली डॉक्टरांच्या नोंदीत घाला.

"ते लिहून घेतील? हसणार नाहीत?"

मी रेडिओलॉजिस्टना विचारून विभागाच्या कागदावर डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी तयार केली. कुठलं बोट, काय माप, कुठला लेप, कधी काढलं, एमआरआयला का चालत नाही, आणि पुन्हा बसवल्यास नोंद करणं का गरजेचं, हे सगळं तिच्यात घातलं. एक प्रत त्याला दिली, एक आमच्या नोंदीत लावली.