गुलाबी सिलिका

"हा नमुना आत घेता येणार नाही, अजून ओलसर आहे," असे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्या सरांनी सांगितले, तेव्हा तालुक्याच्या गावातून भर पावसात एसटीने कोल्हापुरात आलेली ती विद्यार्थिनी हातातल्या इवल्याशा कुपीकडे नुसती पाहत राहिली.

सरांचे काही चुकले नव्हते. यंत्राच्या कक्षात निर्वात राखावा लागतो. नमुन्यात पाण्याचा अंश असेल तर त्याची वाफ होऊन निर्वात बिघडतो आणि इलेक्ट्रॉनांचा झोत विखुरतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्यामुळे तिच्या नमुन्यातले ५० नॅनोमीटरचे कण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसणे शक्य नव्हते.

मला मात्र तिचे एक वाक्य दिवसभर टोचत राहिले. "सर, आमच्याकडे डेसिकेटर आहे, पण त्यातली सिलिका केव्हाच गुलाबी झाली आहे."

डेसिकेटर म्हणजे नमुने कोरडे ठेवण्याचे काचेचे बंद भांडे. त्यातले निळे सिलिकाचे खडे ओलावा शोषतात. निळी सिलिका ओलावा शोषून गुलाबी होते आणि ओव्हनमध्ये तापवली की पुन्हा निळी होते, एवढेच ते काम. मोठ्या यंत्रासाठी निधी मागताना आम्ही पानेच्या पाने भरतो, त्यात या काचेच्या भांड्याचा उल्लेखही नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुमच्या प्रयोगशाळेत सिलिका तापवण्याचे काम नेमके कोणाकडे आहे?