लोसरची रात्र: 13.1 व्होल्ट दाखवत बॅटरी संपली

शिमल्याकडून काझा आणि कुंझुम खिंडीवरून मनाली, असा आमचा व्हॅनचा मार्ग. काझाचे चार दिवस मजेत गेले, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लोसर गावाबद्दलच सांगायचं आहे.

गाडीत 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि एक व्होल्टमीटर. बसवून देणारा म्हणाला होता, "साहेब, आकडा 12 च्या खाली गेला की चार्ज करा, बस्स." हा सल्ला साफ चुकीचा आहे. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असताना 12.7 आणि निम्मी झाली की 12.2 दाखवते, आकडा उतरताना दिसतो. लिथियम फॉस्फेट 70 टक्क्यांवर असो वा 40, आकडा 13.2-13.3 लाच चिकटलेला. 12 दिसेपर्यंत खेळ संपलेला असतो.

सप्टेंबरअखेर, चार हजार मीटरवर, दोन दिवस एकाच जागी. आभाळ भरलेलं, सोलर जवळपास शून्य, इंजिन बंद. दुसऱ्या संध्याकाळी 13.1 बघून निर्धास्त झोपलो. रात्री दोनला बॅटरी संपली आणि डिझेल हीटर धाडकन बंद. बंद होताना त्याचा पंखा थोडा वेळ चालून थंड व्हायला हवा, तेही झालं नाही. दोन रजया घेऊनही बायको कुडकुडत होती.

इंजिनची बॅटरी वेगळी, म्हणून गाडी सुरू झाली. पण चार्जर लावूनही एक अँपिअर आत जाईना! बॅटरी मागच्या दाराजवळ, थंडीत. सेल शून्याखाली गेले की बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, चार्जिंग अडवते, आणि अडवायलाच हवं, नाहीतर सेल कायमचे खराब होतात. ऊन आत येईपर्यंत, म्हणजे सकाळी दहापर्यंत, नुसतं बसून राहिलो.

मनालीत शंट बसवला, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजून शिल्लक टक्क्यांत दाखवणारा मीटर. मजुरी 3,000 रुपये, काम अर्ध्या तासाचं. ही लूट आहे, घरूनच बसवून निघा. वर तिथल्या मेकॅनिकने इन्व्हर्टरची निगेटिव्ह थेट बॅटरीलाच ठेवली, म्हणजे इन्व्हर्टरचा वीजखर्च मोजलाच जात नव्हता. बॅटरीच्या निगेटिव्हला शंटशिवाय एकही वायर नको, बॉडी अर्थसुद्धा शंटच्या पलीकडून. मग बॅटरी एकदा पूर्ण भरून शंटवर 100 टक्के लावा, नाहीतर टक्केवारी निरर्थक.

आमचा वीजखर्च: फ्रिज दिवसाला 35 अँपिअर-अवर, हीटर रात्रीला 15, लॅपटॉप-फोन 15. झोपताना 40 टक्क्यांच्या खाली असाल तर फ्रिज बंद करा, तिथे बाहेरच पुरेसं गार असतं. आणि बॅटरी बेडखाली, हीटरची ऊब पोचेल अशी ठेवा.